शब्द दिला, दार उघडलं

आमच्या बँकेच्या शाखेत पहिले संगणक आले तेव्हा मी काउंटरवर कारकून होतो. १९९०च्या दशकातली गोष्ट आहे. तोवर सगळं काम जाडजूड लेजरांवर चालायचं. अधिकाऱ्याने व्हाउचरवर सही केली की व्यवहार पुरा. संगणकाबरोबर सहीच्या जागी एक नवी गोष्ट आली, पासवर्ड. व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावून बजावलं, ‘पासवर्ड म्हणजे तुमची सही. तो कुणालाही सांगायचा नाही.’ आम्ही माना डोलावल्या. महिनाभरात शाखेतल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा पासवर्ड पाठ झाला होता. एकाचा मुलीच्या नावाचा, दुसऱ्याचा कुलदैवताचा, तिसऱ्याचा स्कूटरचा नंबर. चौथ्यांनी तर चिठ्ठी करून कीबोर्डखाली सरकवली होती.

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ अधिकारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नियम असा होता की, एकाने नोंद करायची आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने आपला पासवर्ड टाकून ती मंजूर करायची. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रांग दारापर्यंत जायची आणि मंजुरी देणारे अण्णा एकटे. त्यांना कधी स्ट्राँगरूममध्ये जावं लागे, कधी फोनवर बोलावणं येई. मग ते जाता जाता सांगायचे, ‘माझ्या नावाने पास करून टाका रे, लोक खोळंबलेत.’ पुढे एकदा तपासणीत उघड झालं की, वर्षानुवर्षं न हललेल्या एका खात्यातून कुणीतरी पैसे काढले होते आणि मंजुरी अण्णांच्या पासवर्डने झाली होती. अण्णांनी पैला हात लावला नव्हता, हे चौकशी करणाऱ्यांनाही मान्य होतं. पण ‘पासवर्ड तुमचा, म्हणजे सही तुमची’ या एका वाक्यावर त्यांच्या वेतनवाढी थांबल्या आणि निवृत्तीची शेवटची वर्षं मान खाली घालून गेली. ते मला एकदाच बोलले, ‘अरे, माणसांवर विश्वास ठेवून शब्द दिला, एवढंच केलं मी.’

तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, अण्णा निष्काळजी होते. आज मी तसं म्हणणार नाही. निवृत्तीनंतर या पासवर्डचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो आणि लक्षात आलं, की अण्णांची सवय त्यांच्या एकट्याची नव्हती. कमकुवत पासवर्ड ठेवणं, तो दुसऱ्याला देणं, कागदावर लिहून ठेवणं या सवयी संगणकाइतक्याच जुन्या आहेत. आणि त्यांना माणसाचा आळस जेवढा जबाबदार आहे, तेवढेच नियम करणारेही जबाबदार आहेत.

परवलीचा शब्द ही कल्पना तशी फार पुरातन. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीतली पद्धत लिहून ठेवली आहे. रोज सूर्यास्ताला, छावणीच्या अगदी टोकाला असलेल्या तुकडीचा एक माणूस वरिष्ठांच्या तंबूत जाई. तिथे त्याला त्या रात्रीचा परवलीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी मिळे. ती पाटी साक्षीदारांसमोर एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात जात अंधार पडण्यापूर्वी पुन्हा तंबूत परत यायला हवी. एखादी पाटी परतली नाही, तर तिच्यावरच्या खुणेवरून ती कुठे अडली हे कळे आणि लगेच चौकशी होई. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. शब्द निवडायचं काम शिपायावर सोडलेलं नव्हतं आणि तो एका रात्रीपुरताच लक्षात ठेवायचा होता.

बायबलच्या जुन्या करारात याहून भीषण प्रसंग आहे. जॉर्डन नदीच्या उतारावर गिलादचे लोक पहारा देत होते. पलीकडे जाऊ पाहणाऱ्याला ते ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणायला लावत. एफ्राइमच्या लोकांना ‘श’ म्हणता येत नसे, ते ‘सिब्बोलेथ’ म्हणत आणि पकडले जात. त्या वेळी ४२ हजार माणसं मारली गेली, असं तिथे लिहिलं आहे. आपल्याकडेही ‘न’ आणि ‘ण’वरून माणसाचं गाव ओळखणारे असतात, पण ते नुसते हसतात. माणसाची सवय हीच त्याची ओळख, हा या कथेचा धडा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आणि अलीबाबाची गोष्ट तर आपण सगळे ऐकतच मोठे झालो. ‘तिळा तिळा दार उघड’ हा लहानपणी भेटलेला आपला पहिला पासवर्ड. त्या गोष्टीत दोन घटना घडतात. चोरांचा सरदार शब्द मोठ्याने उच्चारतो आणि झाडावर बसलेला अलीबाबा तो ऐकतो. पुढे त्याचा भाऊ कासिम गुहेत शिरतो आणि बाहेर पडताना नेमका तोच शब्द विसरतो. इतर सगळ्या धान्यांची नावं त्याला आठवतात, तीळ काही आठवत नाही. शब्द दुसऱ्याला कळणं आणि आपल्यालाच न आठवणं, पासवर्डची सगळी दुखणी या दोनांत आली. एकावर औषध दिलं की दुसरं बळावतं.

आता संगणकाकडे येऊ. १९६०च्या सुमारास संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं, अतिशय महागडं यंत्र होतं. ते एका वेळी एकाचंच काम करी, बाकीचे ताटकळत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रणा बनवली आणि १९६१ साली तिचं प्रात्यक्षिक दाखवलं. अनेक जणांनी वेगवेगळ्या टंकयंत्रांवर बसून एकच संगणक एकाच वेळी वापरायचा, अशी तिची रचना होती. अनेक माणसं एका घरात राहायला आली की प्रत्येकाला आपलं कपाट आणि आपलं कुलूप लागतं. म्हणून प्रत्येकाला एक शब्द देण्यात आला. रोजच्या वापरातल्या संगणकी पासवर्डची सुरुवात साधारणपणे इथून मानली जाते.

पासवर्ड आला आणि पाठोपाठ त्याची चोरीही आली. ॲलन शेर नावाचा एक संशोधक विद्यार्थी तिथे काम करत होता. त्याला आठवड्याला चार तास संगणक मिळे, ते पुरत नसत. १९६२ साली त्याच्या लक्षात आलं, की छिद्रं पाडलेलं एक कार्ड देऊन यंत्रातली कुठलीही फाइल छापून मागता येते. त्याने शुक्रवारी रात्री पासवर्डांची फाइलच छापून मागितली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद घेऊन आला. मग काय, दुसऱ्यांच्या नावावर हवे तेवढे तास. ही लबाडी त्याने स्वतःच पाव शतकानंतर कबूल केली. १९६६ साली तर याहून गंमत झाली. एका चुकीमुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकासमोर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून येऊ लागली. कॉर्बातो यांना पुढे संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी हा किस्सा स्वतःहून सांगितला.

या दोन्ही घटनांत वापरणाऱ्यांची काही चूक नव्हती. शब्द कितीही अवघड असता, तरी तो उघड्या वहीत लिहून ठेवलेला होता. यावर उपाय निघाला तो असा, की संगणकाने पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, त्याचं गणिती पीठ करून ठेवायचं. गव्हाचं पीठ करता येतं, पिठाचा गहू करता येत नाही. तुम्ही पासवर्ड टाकलात की संगणक तो पुन्हा दळतो आणि ठेवलेल्या पिठाशी ताडून बघतो. दोन माणसांचा पासवर्ड एकच असला, तर पीठही एकसारखंच दिसेल. म्हणून दळताना प्रत्येकात वेगवेगळं काहीतरी टाकायचं. त्याला नावही छान आहे, ‘सॉल्ट’, म्हणजे चिमूटभर मीठ.

हा सगळा विचार १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी एका निबंधात मांडला. दोघंही ‘युनिक्स’ या प्रसिद्ध प्रणालीवर काम करणारे. कुलूप भक्कम झालं, आता किल्ल्या कशा आहेत ते बघू, म्हणून त्यांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड गोळा केले. त्यांतले १५ नुसत्या एका अक्षराचे निघाले. ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे, ४७७ चार अक्षरांचे. ७०६ पाच अक्षरांचे आणि ६०५ सहा अक्षरांचे होते, तेही साध्या अक्षरांचे. आणखी ४९२ शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडले. एकूण २,८३१, म्हणजे शंभरातले ८६ पासवर्ड सहज ओळखता येण्यासारखे. ही माणसं अडाणी होती का? संगणकच मोजक्या संस्थांत होते त्या काळात ते रोज वापरणारे हे लोक. माहिती असूनही त्यांनी सोपा शब्दच निवडला, कारण तो रोज आठवायचा होता.

इतिहास कधी कधी असा योग जुळवून आणतो, की कादंबरीत लिहिला तर खोटा वाटावा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत इंटरनेटवर एक आगंतुक प्रोग्रॅम सुटला. तो स्वतःच्या प्रती काढत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६ हजार संगणक त्याच्या तावडीत सापडले, कामं ठप्प झाली. आत शिरण्याचे त्याचे अनेक मार्ग होते, त्यातला एक म्हणजे पासवर्डचा अंदाज. तो आधी माणसाचं स्वतःचं नाव टाकून बघे, मग तेच नाव उलटं करून आणि मग सोबत आणलेल्या ४३२ शब्दांच्या यादीतला एकेक शब्द. एवढ्यावर कित्येक दारं उघडली. हा प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस. नऊ वर्षांपूर्वी ‘लोक सोपे पासवर्ड ठेवतात’ असा इशारा देणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा! वडील त्या वेळी अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्रात प्रमुख शास्त्रज्ञ होते. मुलाला न्यायालयाने तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा दिली. बापाने रोगाचं निदान केलं आणि मुलाने ते सिद्ध करून दाखवलं, असंच म्हणायचं.

आता आपल्या सगळ्यांच्या खिशातल्या पासवर्डकडे वळू, एटीएमच्या चार आकड्यांकडे. लंडनच्या एन्फिल्ड भागात २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं. ते तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ सालचा, आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडी क्रमांक होता, कारण त्यांना लष्करातला आपला सहा आकडी क्रमांक पाठ होता. त्यांनी स्वयंपाकघरात बसून पत्नीला विचारलं. त्या म्हणाल्या, मला चारच आकडे लक्षात राहतात. झालं, चार ठरले! ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. अशा क्रमांकाचं पेटंट मात्र त्याआधी, १९६६ साली स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांनी मागितलं होतं. भारतात पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत आलं. एका घरातल्या बाईची स्मरणशक्ती अर्ध्या जगाला पुरली, आणि ते योग्यच झालं. यंत्र माणसाच्या मापाने बेतलं, म्हणून ते सामान्यांनी स्वीकारलं.

चार आकड्यांच्या जोड्या होतात दहा हजार. पण आपण त्यातल्या किती वापरतो? निक बेरी या अभ्यासकाने २०१२ साली चोरीला जाऊन उघड्यावर आलेले सुमारे ३४ लाख चार आकडी पासवर्ड तपासले. त्यांत दर शंभरात दहाहून अधिक जणांचा आकडा होता १२३४. शिवाय १९ ने सुरू होणाऱ्यांची गर्दी, म्हणजे जन्मसाल. कुलपाला दहा हजार किल्ल्या बसू शकतात, पण चोराला त्यातल्या मूठभर नेल्या तरी बऱ्याच घरांत शिरता येईल.

इंटरनेट घराघरात पोचलं, तेव्हा हाच प्रकार प्रचंड प्रमाणावर झाला. डिसेंबर २००९ मध्ये ‘रॉकयू’ नावाच्या अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. १९७९ साली सांगितलेलं पीठ या कंपनीने केलंच नव्हतं, सगळा गहू तसाच पोत्यात होता. त्यामुळे कोट्यवधी माणसं एकांतात कोणता शब्द निवडतात हे जगाला प्रथमच एवढ्या प्रमाणावर पाहायला मिळालं. पहिल्या क्रमांकावर १२३४५६. हा आकडा २ लाख ९० हजार ७३१ जणांनी ठेवला होता. त्यामागोमाग त्याच आकड्यांचे भाऊबंद, मग ‘पासवर्ड’ हाच शब्द आणि मग ‘आय लव्ह यू’. २०१३ साली अडोबी कंपनीची माहिती फुटली, तिथेही १२३४५६ पहिला, १९ लाखांहून अधिक जणांचा. मला त्या यादीत ‘आय लव्ह यू’ पाहून हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. कुणाला दाखवायचं नसलेलं काही लिहायला सांगितलं, तर माणूस जे मनात आहे तेच लिहितो. देवाचं नाव, लेकराचं नाव, प्रियजनाचं नाव. शिब्बोलेथचा धडा हाच होता. सवय हीच ओळख, आणि ओळख असेल तर अंदाज बांधता येतो.

तरुण पिढी यात जास्त हुशार असेल, असंही नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या जोसेफ बॉनो यांनी २०१२ साली याहूच्या सुमारे ७ कोटी वापरकर्त्यांच्या पासवर्डांचा, नावं न पाहता, अभ्यास केला. पंचावन्न वर्षांपुढच्या लोकांचे पासवर्ड पंचविशीच्या आतल्यांपेक्षा अधिक भक्कम निघाले. माझ्या वयाच्या वाचकांनी हे वाक्य घरात मोठ्याने वाचायला हरकत नाही. पण कुठल्याच वयाचा, कुठल्याच भाषेचा गट खरोखर सुरक्षित म्हणावा असा नव्हता, हेही पुढे वाचावं.

लोक ऐकत नाहीत, तर नियम कडक करा, असा विचार मग पुढे आला. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले बिल बर यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यातून जगभर जे नियम पसरले ते आपल्याला तोंडपाठ आहेत. एक मोठं अक्षर हवं, एक लहान हवं, एक आकडा हवा, एक खूण हवी, आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला. आमच्या बँकेतही हेच आलं. आणि आम्ही काय केलं? पहिलं अक्षर मोठं केलं, शेवटी १ लावला आणि पुढे उद्गारचिन्ह. तीन महिन्यांनी १ चा २ केला. आम्हाला वाटलं ही आमचीच युक्ती. सगळ्या जगाने नेमकी हीच युक्ती केली होती! २०१० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी ७,७०० हून अधिक जुन्या खात्यांवर प्रयोग केला. जुना पासवर्ड माहीत असला, तर शंभरातल्या सतरा खात्यांत नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता आला. सक्तीने बदललेला शब्द म्हणजे जुन्याच सदऱ्याला नवं बटण.

शेवटी २०१७ साली, निवृत्त झालेल्या बिल बर यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला मुलाखत देऊन कबूल केलं, की आपण त्या वेळी जे लिहिलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नवे नियम आणले. विनाकारण दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका. अमुक खूण, तमुक आकडा अशी सक्ती करू नका. लांब पासवर्ड चालू द्या आणि चोरीला गेलेल्या शब्दांच्या यादीशी ताडून बघा. चौदा वर्षं जगाला दिलेला त्रास मागे घेतला गेला. पण आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत आणि संकेतस्थळांवर जुनेच नियम अजून ठाण मांडून आहेत.

खरं म्हणजे हे त्याआधीही सांगितलं गेलं होतं. १९९९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसे या दोघींनी एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच असा होता, की वापरणारा हा शत्रू नव्हे. त्यांनी कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना विचारलं, तुम्ही असं का वागता? उत्तरं मिळाली ती आमच्या शाखेतल्यासारखीच होती. पासवर्ड फार, बदलायचे वारंवार, म्हणून लिहून ठेवावे लागतात. काम मिळून करायचं आणि पासवर्ड एकेकट्याचा, म्हणून तो वाटून घ्यावा लागतो. आणि त्याने बिघडतं काय, हे कुणी नीट समजावलेलंच नसतं. हे वाचताना मला अण्णा आठवले. बाहेर रांग, आत एकच अधिकारी, आणि नियम दोन माणसांचा. दुसरा अधिकारी नेमायचं सोडून त्यांच्याकडून नियम पाळण्याची अपेक्षा होती.

म्हणजे वापरणाऱ्याने काहीच करायचं नाही, असं मात्र नाही. चोराकडेही आता ४३२ शब्दांची यादी राहिलेली नाही. २०१२ साली एका जाणकाराने पंचवीस ग्राफिक कार्डं जोडलेली यंत्रणा दाखवली. ती विंडोजच्या जुन्या पद्धतीने दळलेल्या पासवर्डांवर सेकंदाला ३५ हजार कोटी अंदाज करू शके. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सगळ्या जोडण्या होतात सुमारे २० हजार ८८० कोटी, म्हणजे तिला एक सेकंदही लागणार नाही. आकडे, खुणा, मोठी अक्षरं सगळं मिसळलं, तरी आठ अक्षरांना सहा तासांच्या आतच. त्यानंतरची यंत्रं आणखी वेगवान झाली आहेत.

मोठमोठ्या ठिकाणीही हे भान नसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात भरदिवसा दागिन्यांची चोरी झाली. त्यानंतर फ्रेंच वृत्तपत्रांतून एक जुना अहवाल बाहेर आला. २०१४ सालच्या तपासणीत तिथल्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेचा पासवर्ड काय निघाला होता? ‘लूव्र’! चोर काही पासवर्डने शिरले नाहीत, ते ट्रकवरच्या शिडीने खिडकीतून गेले. पण घराच्या पाटीवर जे नाव तीच कुलपाची किल्ली, हे वाचून आमची शाखाच आठवली.

मग करावं काय? मी तज्ज्ञ नाही, पण वाचलेल्यातलं सार सांगतो. शब्द अवघड असण्यापेक्षा तो लांब असणं आणि तो तुमच्या आयुष्यातून न उचललेला असणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली एक साधी युक्ती सुचवली. ७,७७६ शब्दांची यादी करायची, पाच वेळा फासा टाकायचा आणि येईल तो शब्द घ्यायचा. असे सहा शब्द जोडले, तर वर सांगितलेल्या यंत्राला सगळ्या जोडण्या तपासायला सुमारे २० हजार वर्षं लागतील. आणि आपल्याला लक्षात ठेवायला लागतात फक्त सहा साधे शब्द. उंबर, चष्मा, पातेलं, वादळ, असे एकमेकांशी संबंध नसलेले. त्यांची एखादी वेडीवाकडी गोष्ट रचली की ते विसरत नाहीत. मात्र शब्द फाशाने निवडायचे, मनाने नाहीत. मन पुन्हा देवाकडे आणि नातवाकडेच जातं. प्रसिद्ध अभंगाची किंवा गाण्याची ओळही नको, ती चोरालाही पाठ असते.

दुसरी गोष्ट, एकच पासवर्ड सगळीकडे नको. एका दुकानातून तो फुटला, की चोर तीच किल्ली घेऊन तुमच्या बँकेच्या दाराशी उभा राहतो. निदान बँक आणि ईमेल, या दोन ठिकाणी तरी वेगळे हवेत. आणि तिसरी, लिहून ठेवायची लाज बाळगू नका. कीबोर्डखाली नको, पण घरातल्या कपाटात, दागिन्यांशेजारी ठेवलेली वही परदेशातल्या चोराला दिसत नाही. पासवर्ड सांभाळणारे प्रोग्रॅम जमले तर उत्तमच. पहिला पासवर्ड जन्माला घालणाऱ्या कॉर्बातो यांनी २०१४ साली, वयाच्या ८७व्या वर्षी, सांगितलं होतं, की पासवर्ड हे आता एक दुःस्वप्न झालं आहे आणि आपण स्वतः सुमारे दीडशे पासवर्ड कागदावर टंकून ठेवले आहेत. तीन पानं भरली होती! २०१९ साली ते गेले.

२०२२ साली ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी मिळून पासवर्डऐवजी ‘पासकी’ आणायचं ठरवलं. तिच्यात शब्द लक्षात ठेवायचाच नसतो, फोनच तुमची ओळख पटवतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी खात्री सक्तीची केली आणि पुढे ओटीपी घराघरात पोचला. रोमन पाटीसारखाच तोही दुसऱ्याने दिलेला आणि क्षणापुरता. कल्पना भक्कम आहे. पण भामट्यांनी कुलूप फोडायचं सोडून मालकालाच विचारायला सुरुवात केली. ‘काका, बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा.’ आणि काका सांगतात. आयुष्यभराची पुंजी त्या सहा आकड्यांबरोबर निघून गेलेली घरं मी पाहिली आहेत. नंतर घरातलीच मुलं त्यांना रागावतात, ‘बाबा, एवढंही कळत नाही?’ त्यांना माझं सांगणं आहे, की रागावू नका. ज्या पिढीत शब्द देणं हा सद्गुण होता, त्या पिढीला शब्द न द्यायला शिकवायचं, तर शेजारी बसून समजवावं लागतं.

अण्णा आता नाहीत. ते गेले तेव्हा त्यांच्या घरी गेलो होतो. बोलता बोलता त्यांच्या मुलीने सांगितलं, की शेवटपर्यंत त्यांनी एटीएम कार्ड घेतलं नाही. महिन्याला स्वतः रांगेत उभं राहून, सही करून पेन्शन काढायचे. ‘सही माझ्या हातात असते,’ म्हणायचे. त्यांनी दिलेला तो जुना शब्द काय होता, हे मला अजून आठवतं. त्याच मुलीचं नाव होतं ते. मी तिला ते सांगितलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)